जंगलातले कबुतर आणि दारातला पाहुणा

कोणी जरा वेडेवाकडे बोलले की 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्यात जागा आहे का बघा' असे म्हणायची आपल्याकडे पूर्वापार रीत. मुंबईकराचे ठाणे, पुणेकराचे येरवडे. रत्नागिरी आणि नागपूरकरांनाही फार लांब जावे लागत नाही. लहानपणी मीही हे वाक्य शंभरदा म्हटले असेन. त्या दगडी भिंतीआड कोण राहते, सकाळी उठून ते काय खातात, त्यांना भेटायला कोण येते, असे प्रश्न तेव्हा मनात आले नाहीत. १९७४ साली मी परिचारिका म्हणून इंग्लंडमध्ये आले आणि पहिली नेमणूक झाली ती नेमकी अशाच एका इस्पितळात. घरी पत्र लिहिताना 'मोठ्या इस्पितळात लागले' एवढेच लिहिले. इस्पितळ कसले, हे आईला सांगायला मला तीन वर्षे लागली.

हे सगळे आज आठवायचे कारण एक चित्र. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने १९२७ साली रंगवलेले 'जंगल आणि कबुतर'. ते लंडनच्या टेटच्या संग्रहात आहे. मी प्रथम पाहिले ते मात्र टेटमध्ये नाही, आमच्या वॉर्डात. तिथे आठवड्यातून एकदा चित्रकला शिकवायला एक बाई येत. त्यांनी एकदा चित्रांची पोस्टकार्डे आणून टेबलावर पसरली आणि ज्याला जे आवडेल ते उचला म्हणाल्या. एका म्हाताऱ्या रुग्णाने हे उचलले. त्याने विचारलेल्या एका प्रश्नाची गोष्ट शेवटी सांगेन. आधी चित्राकडे वळू.

चित्र उभे आहे, सुमारे १०० सेंटिमीटर उंच आणि ८१ सेंटिमीटर रुंद. जवळजवळ सगळा पडदा जंगलाने भरला आहे. वेळ रात्रीची. झाडे म्हणावीत तर त्यांना पाने नाहीत. उभेच्या उभे, करकरीत, खरवडल्यासारखे खांब एकमेकांना खेटून दाटलेले. आत शिरायला वाट दिसत नाही. या काळोखात, खालच्या बाजूला, एक छोटासा पिंजरा आणि त्यात एक पक्षी. पक्षी म्हणजे बारीक रेघांचा नुसता आकार, पाच वर्षांच्या मुलाने काढावा तसा. एवढ्या गंभीर जंगलात हा एवढा पोरकट पक्षी! पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, चित्रकार झाडे रंगवून दमला आणि पक्षी त्याने घरातल्या पोराकडून काढून घेतला.

माझ्या मते चित्राचे सगळे मर्म या विसंगतीत आहे, आणि ती समजायला ही झाडे कशी झाली ते पाहायला हवे. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचा आणि राजाचे तोंड किंवा अशोकस्तंभ उठवायचा, हा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. १९२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोर्निक या गावी एका खाणावळीत उतरला असताना अर्न्स्टने लाकडी जमिनीच्या झिजलेल्या फळ्यांवर कागद ठेवून हेच केले. उठलेल्या रेषांत त्याला प्राणी, समुद्र, जंगले दिसू लागली. या छापांची ३४ चित्रे १९२६ साली 'निसर्गाचा इतिहास' या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे हीच युक्ती त्याने तैलरंगात आणली. रंगाचे थर दिलेला कॅनव्हास खडबडीत वस्तूंवर ठेवायचा आणि वरून रंग खरवडायचा; खालच्या वस्तूची ठेवण रंगात उमटते. 'जंगल आणि कबुतर'मधली झाडे अशी झाली आहेत. त्यांच्याकडे नीट पाहिले तर माशाच्या मधल्या काट्याची आठवण होते. कोकणातल्या वाचकांना ओळख पटायला वेळ लागणार नाही!

म्हणजे जंगल हे चित्रकाराने 'काढलेले' नाही, त्याने ते उमटू दिले. पक्षी मात्र त्याने स्वतः, जाणूनबुजून, रेघेने काढला. एकाच चित्रात दोन हस्ताक्षरे आहेत. एक कोणाचेच नाही, दुसरे मुलाचे. शिकलेल्या, सवयीच्या, तरबेज चित्रकाराचे हस्ताक्षर कुठेच नाही. अर्न्स्टला नेमके तेच टाळायचे होते.

ते का टाळायचे होते, याचे उत्तर त्याच्या तरुणपणात सापडते. अर्न्स्टचा जन्म १८९१ साली कोलोनजवळच्या ब्रूल या गावी झाला. वडील मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षक आणि हौशी चित्रकार. गावाजवळच्या जंगलाचे लहानग्या माक्सला जितके आकर्षण तितकीच धास्ती. घरात एक लाडका काकाकुवा होता. १९०६ च्या जानेवारीत तो मेला, आणि त्याच वेळी धाकट्या बहिणीच्या जन्माची बातमी आली. एकाचा प्राण दुसऱ्यात गेला असे त्या मुलाच्या मनाने घेतले, आणि तेव्हापासून पक्षी आणि माणूस यांची आपल्या डोक्यात सरमिसळ झाली, असे त्याने पुढे आत्मचरित्रपर टिपणांत सांगितले आहे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची ही गोष्ट. कलावंताने मागाहून तिला थोडे तेलपाणी केले असेलच. पण पक्षी त्याच्या चित्रांत जन्मभर राहिला हे खरे. १९२९ पासून तर त्याने स्वतःलाच पक्ष्याचे रूप आणि 'लोपलोप' हे नाव दिले. तेव्हा पिंजऱ्यातले कबुतर म्हणजे चित्रकार स्वतःच, असे समजायला हरकत नाही.

१९०९ पासून अर्न्स्ट बॉन विद्यापीठात शिकत होता. तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास आणि मानसशास्त्रही. तिथल्या मनोरुग्णालयात विद्यार्थ्यांना जाता येत असे. त्या उदास इमारतींपैकी एकीत त्याने रुग्णांनी केलेल्या चित्रांचा आणि शिल्पांचा संग्रह पाहिला. त्यात पावाच्या मळलेल्या लगद्याच्या बाहुल्या होत्या. जेवायला दिलेल्या पावातून माणसे घडवणारी ही माणसे पाहून तो हादरला. या कामावर पुस्तक लिहायचे त्याच्या मनात होते. ते राहून गेले, कारण १९२२ साली दुसऱ्याच माणसाने ते लिहिले.

त्याचे नाव हान्स प्रिन्झहॉर्न. कलेचा इतिहास शिकून मग डॉक्टर झालेला हा माणूस १९१९ साली हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात रुजू झाला आणि ठिकठिकाणच्या इस्पितळांना पत्रे पाठवून त्याने रुग्णांची सुमारे ५००० चित्रे व वस्तू गोळा केल्या. तोवर डॉक्टर अशी चित्रे पाहत ती रोगाची खूण म्हणून, लघवीच्या तपासणीसारखी. प्रिन्झहॉर्नने ती चित्रे म्हणून पाहिली. तरी पुस्तकाच्या नावात त्याने 'कला' हा शब्द टाळला आणि 'बिल्डनेराय', म्हणजे चित्रे-मूर्ती घडवण्याची क्रिया, एवढाच शब्द वापरला. आणखी एक गोष्ट त्याने केली. ज्या दहा रुग्णांवर त्याने विस्ताराने लिहिले, त्यांची नावे बदलली. आऊगुस्ट नाटरर हा 'नेटर' झाला, फ्रान्झ कार्ल ब्यूलर हा 'पोल' झाला. घरच्यांची अब्रू जपण्यासाठी हे रिवाजाला धरूनच होते. आईला पत्र लिहिताना मीही तेच केले होते, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण परिणाम असा झाला की चित्रे जगभर गेली आणि चित्रकार मागे राहिले.

हे पुस्तक अर्न्स्टने पॅरिसला नेले आणि कवी पॉल एल्युआर याला भेट दिले. त्या मंडळींना जर्मन वाचता येवो न येवो, चित्रे पुरेशी होती. पुढे १९३१ साली अर्न्स्टने 'ईडिपस' नावाचे एक चिकटचित्र केले. त्यातली आकृती नाटररच्या 'अद्भुत मेंढपाळ' या चित्राशी इतकी जुळते की अभ्यासक दोन्ही शेजारी ठेवून दाखवतात. अर्न्स्टचे नाव कलेच्या प्रत्येक इतिहासात आहे. नाटरर हा विजेच्या यंत्रांचा कारागीर होता. त्याला १९०७ साली एका दुपारी आकाशात हजारो चित्रे सरकताना दिसली आणि उरलेले आयुष्य त्यातली थोडी कागदावर उतरवण्यात गेले. १९३३ साली तो इस्पितळातच वारला.

यावर दोन मते ऐकू येतात. एक असे की ही सरळ चोरी. दुसरे असे की कलेत देवाणघेवाण चालायचीच, उलट अर्न्स्टने या लोकांचा सन्मान केला. मला दोन्ही मते अर्धीच पटतात. 'जंगल आणि कबुतर'मध्ये त्याने कुठल्याही रुग्णाचे चित्र उचललेले नाही. त्याने उचलली आहे ती जागा. बॉनच्या त्या इमारतीत तो पाहुणा म्हणून गेला होता. पाहिले, हलला, आणि संध्याकाळी फाटकातून बाहेर पडला. चित्रात मात्र त्याने स्वतःला आत ठेवले. पिंजऱ्यात तो, बाहेर काळोख, आणि पाहणारे आपण. 'मीही तुमच्यातलाच' असे हे म्हणणे आहे. त्यातला कळवळा खरा आहे, आणि म्हणूनच चित्र अजून मनाला भिडते. पण ज्याच्या खिशात घरच्या कुलपाची किल्ली आहे, त्याच्या तोंडी हे वाक्य फार सोपे असते. पस्तीस वर्षे मीही रोज गणवेश उतरवून घरी येत होते. 'आम्हीही थोडे वेडेच' असे हसत म्हणणारे डॉक्टर, परिचारिका, भेटीला येणारे कलावंत मी पुष्कळ पाहिले, त्यात मीही होते. रुग्णांपैकी कोणी त्यावर हसल्याचे मला आठवत नाही.

पुढे इतिहासाने या रूपकाचे जे केले ते भयंकर आहे. १९३७ च्या जुलैमध्ये नात्सींनी म्युनिकला 'भ्रष्ट कला' हे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरवले. त्यात अर्न्स्टचे 'सुंदर माळीण' हे १९२३ चे चित्र टांगले होते. ते पुढे नाहीसे झाले. हे प्रदर्शन इतर शहरांत फिरले तेव्हा हायडेलबर्गच्या संग्रहातली काही चित्रे त्यात घातली गेली. नव्या चित्रकारांची कामे आणि रुग्णांची कामे शेजारी शेजारी, म्हणजे लोकांनी बघावे आणि म्हणावे, दोघे सारखेच वेडे. 'मीही तुमच्यातलाच' हे अर्न्स्टचे वाक्य नात्सींनी उलटे करून त्याच्या तोंडावर फेकले.

मात्र किंमत दोघांनी सारखी मोजली नाही. अर्न्स्ट पॅरिसमध्ये होता. 'पोल' नावाने प्रसिद्ध झालेला ब्यूलर जर्मनीत, कुलपाआड होता. हा एके काळचा लोखंडकामातला निष्णात कारागीर. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचे काम मांडले गेले होते. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, म्हणून ते साल आपल्या घराघरांत पाठ आहे. या लोहाराचे नाव मात्र आपल्याला कोण सांगणार? १९४० साली ग्राफेनेक येथे विषारी वायू सोडून त्याला मारण्यात आले. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत अशा केंद्रांत सुमारे ७०,००० रुग्ण मारले गेले. ज्या हायडेलबर्गच्या इस्पितळात प्रिन्झहॉर्नने प्रेमाने चित्रे जमवली, त्याचाच तेव्हाचा प्रमुख कार्ल श्नायडर हा कोणाला मारायचे याचा निवाडा करणाऱ्या तज्ज्ञांपैकी एक होता. खरा पिंजरा तो हा.

आणि अर्न्स्टच्या घरीही पिंजरा आलाच. १९३७ पासून त्याची सोबतीण होती लिओनोरा कॅरिंग्टन, लँकेशरची मुलगी, स्वतः उत्तम चित्रकार. फ्रान्समधल्या सां-मार्तां-दार्देश या गावी दोघांनी घर केले. युद्ध सुरू होताच जर्मन म्हणून अर्न्स्टला फ्रेंचांनी छावणीत डांबले. सुटला, १९४० च्या मे महिन्यात पुन्हा धरला. एकटी पडलेली लिओनोरा कोलमडली, स्पेनमध्ये पोचली, आणि तिला सान्तांदेरच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तिथे तिला कार्डियाझोलची इंजेक्शने दिली गेली. त्याने झटके येतात, आणि झटक्यांनी रोग हटतो अशी तेव्हाची समजूत. सुटल्यावर तिने तो अनुभव लिहिला आणि तो १९४४ साली 'खाली' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यासोबत तिने त्या आवाराचा नकाशा काढला. इमारती कुठे, वाटा कुठे, फाटक कुठे.

हा नकाशा अर्न्स्टच्या चित्राशेजारी ठेवून पाहावा. पाहुण्याने जंगल काढले, त्यात वाटच नाही. आत राहिलेलीने वाटा काढल्या. जो आत असतो त्याला गूढ परवडत नाही. कुठला दरवाजा कधी उघडतो हे त्याला माहीत असावे लागते.

याच्याही आधी, १९३९ च्या सुमारास, लिओनोराने अर्न्स्टचे एक व्यक्तिचित्र रंगवले होते. २०१८ साली ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आले. बर्फाळ प्रदेशात पक्ष्याच्या पिसांसारखा तांबडा झगा घालून अर्न्स्ट चालला आहे. मागे गोठलेला पांढरा घोडा. घोडा ही लिओनोराची स्वतःची खूण. अर्न्स्टच्या हातात एक कंदील आहे आणि त्या काचेच्या कंदिलातही एक छोटा घोडा. म्हणजे तिच्या चित्रात पक्षी मोकळा आहे, कोंडलेली आहे ती. स्वतःला पिंजऱ्यातले कबुतर समजणाऱ्या माणसाच्या हातातच एक पिंजरा होता, हे तिने इस्पितळ पाहण्याआधीच पाहिले. या एका कंदिलाने 'जंगल आणि कबुतर'वरची जेवढी टीका होते तेवढी शंभर पानांच्या प्रबंधाने होणार नाही.

मग ते चित्र खोटे का? नाही. माझ्या मते ते या विषयावरचे प्रामाणिक चित्र आहे, पण ते मनोरुग्णालयाचे चित्र नाही. मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाच्या झोपेचे चित्र आहे. पक्ष्याची ती कोवळी रेघ पाहा. ती रुग्णाची नक्कल करत नाही. वेडाचा आव आणणारी चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांत रेघ मुद्दाम वाकडी केलेली असते आणि ते लगेच कळते. अर्न्स्टने तसे केले नाही. त्याला आतल्या माणसाची रेघ काढता येत नव्हती, तेव्हा तो मागे सरून आपल्या बालपणाकडे गेला आणि तिथला पक्षी घेऊन आला. आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे त्याने या चित्रात तरी भासवले नाही. चार वर्षांनी 'ईडिपस'मध्ये त्याला हा संयम राहिला नाही, आणि म्हणून मला ते चित्र चतुर वाटते, हे जवळचे वाटते.

आता तो राहिलेला प्रश्न. आमच्या वॉर्डातल्या त्या म्हाताऱ्याने पोस्टकार्ड बराच वेळ हातात धरले. शिकवणाऱ्या बाईंना वाटले, तो जंगलाबद्दल, भीतीबद्दल काही बोलेल. त्याने विचारले, "याला दाणे कोण घालतं?" बाई हसल्या, मीही हसले. तो हसला नाही. त्याला खरेच माहीत करून घ्यायचे होते. तीसेक वर्षे तो त्या इमारतीत राहत होता. कोणीतरी ठरल्या वेळी ताट घेऊन येते यावर त्याचे जगणे चालले होते. पिंजरा काढायचा, पक्षी काढायचा आणि दाणे घालणारा काढायचा नाही, हे त्याला अपुरे वाटले. चित्र पाहून मला आता पन्नास वर्षे होत आली, त्यावर वाचलेही बरेच. या प्रश्नाइतकी नेमकी समीक्षा मला कुठे आढळली नाही.

त्या तासाला त्याने पोस्टकार्ड समोर ठेवून स्वतःचे चित्र काढले. पक्षी, पिंजरा, आणि शेजारी वाटी. जाताना मला दिले. ते मी घरी आणले, जपून ठेवले, अजून आहे. इस्पितळ कधीच बंद झाले, तिथे आता घरे आहेत. गेल्या दिवाळीला पाहुण्यांपैकी कोणी तरी ते भिंतीवर पाहून विचारले, "कोणाचं आहे हो हे?" मी सवयीने उत्तर दिले, "एका पेशंटचं." आणि मग लक्षात आले की कागदाच्या मागे मी तारीख लिहिली आहे, वॉर्डचा नंबर लिहिला आहे, त्याचे नाव लिहिलेले नाही. नाव आता आठवतही नाही. प्रिन्झहॉर्नने निदान दुसरे नाव तरी दिले होते.

मंडळी, आपल्या समाजात दम्याची, मधुमेहाची, बायपासची चर्चा गणपतीच्या मांडवातही मोकळेपणी चालते. घरातला कोणी मनाने आजारी असला तर मात्र 'तो जरा इंडियाला गेलाय' असे आपण सांगतो, मुलीचे लग्न ठरायचे असले तर आणखीच जपून. आपण त्यांची नावे गाळतो, तीही अब्रूसाठीच. कधी टेटच्या संग्रहातले हे चित्र समोर आले तर त्या कबुतरासमोर थोडे थांबा. जंगल छान आहे, थरारक आहे. पण दाण्यांचेही विचारा.